छातीतली जळजळ नेमकी कुठून येते? आम्ल किती आणि दुखणं किती, याचा मेळ बसत नाही तेव्हा

उंबरठा
नमस्कार. लांबलचक लिहिते आहे, पण तुकड्यातुकड्यांत लिहिलं तर अर्थ हरवेल.

मला सव्वादोन वर्षं झाली, छातीत जळजळतं. छातीच्या मधल्या हाडामागे सुरू होतं आणि वर चढतं. वाकलं की वाढतं, रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं. दुर्बिणीने तपासणी झाली. अहवाल आला: अन्ननलिका निरोगी, कुठेही व्रण नाही. आम्ल कमी करणारी गोळी आधी सकाळी उपाशीपोटी होती, मग दोन्ही वेळा झाली. आंबट येणं पुष्कळ कमी झालं. जळजळ राहिली. तिसऱ्या भेटीत मला सांगण्यात आलं, "आत काही नाही, तुम्ही काळजी करणं कमी करा." त्या दिवशी घरी येऊन रडले. दुखणं एक वेळ सोसता येतं, पण ते खरंच नाही असं कुणी सुचवलं की सोसायचं बळ जातं.

तेव्हापासून शोधनिबंध वाचते आहे. माझा प्रश्न एवढाच आहे: आम्ल वर येणं ही एक गोष्ट, जळजळणं ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये काय घडतं?

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक सरळ चित्र असतं. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, आम्ल वर येतं, अन्ननलिकेचं अस्तर भाजतं, म्हणून दुखतं. यातला पहिला भाग बरोबर आहे. फक्त ती झडप बऱ्याच जणांत कायमची सैल नसते. काही गिळलेलं नसतानाही ती मधूनच काही सेकंद उघडते. जठरात साठलेली हवा ढेकरेवाटे बाहेर पडावी म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. पोट ताणलं की हे उघडणं वाढतं. म्हणून पोटभर जेवणानंतरचा काळ वाईट.

आम्लाने जळजळ होते हेही सिद्ध झालेलं आहे. १९५८ साली बर्नस्टाईन आणि बेकर यांनी नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी सोडून आधी मिठाचं पाणी आणि मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब सोडलं. नळीतून आत्ता काय येतंय हे रुग्णाला माहीत नसे. ज्यांना नेहमी जळजळ व्हायची त्यांना आम्ल सुरू झाल्यावर तीच ओळखीची जळजळ झाली, आणि मिठाचं पाणी सुरू केल्यावर ती शमली.

माझी गाडी अडते ती पुढे. अगदी निरोगी माणसातही दिवसाकाठी चाळीसेक वेळा थोडंफार वर येऊन परत जातं, आणि त्याला पत्ताही लागत नाही. ज्यांना त्रास आहे त्यांनाही प्रत्येक वेळी जाणवत नाही. बहुतेक वेळा काहीच कळत नाही, आणि मग एखादीच वेळ अशी येते की जीव नको होतो. तीच अन्ननलिका, तेच आम्ल. मग ती एक वेळ वेगळी का? आणि माझं अस्तर स्वच्छ असताना मला एवढं का दुखतं?

कुणी यावर वाचलं असेल, अनुभव असेल, तर कृपया लिहा.

पाणवठा
ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या घरी बरोबर उलटं आहे, म्हणून लिहितोय. बाबा ७४ वर्षांचे. आयुष्यात कधी जळजळ म्हणाले नाहीत. मागच्या महिन्यात घास छातीत अडकायला लागला म्हणून दुर्बीण केली, तर अन्ननलिकेत मोठमोठे व्रण. अहवालात 'श्रेणी सी' लिहिलंय. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "खरंच कधी जळजळलं नाही?" नाही म्हणाले. आता गोळ्या चालू आहेत आणि काही आठवड्यांनी परत दुर्बीण आहे. एवढी जखम असून माणसाला कळत कसं नाही?

गॅस्ट्रोवाला
पोटविकारतज्ज्ञ आहे, बारा-तेरा वर्षं हेच काम करतो. तुमचे दोन अनुभव शेजारी ठेवले की या आजाराचं मर्म दिसतं: जखम किती आणि दुखणं किती, यांचं प्रमाण जुळत नाही. वयस्क माणसांत व्रण जास्त आणि तक्रार कमी असं वारंवार दिसतं. ज्यांच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलून आतड्यासारखं झालेलं असतं, म्हणजे ज्याला बॅरेट म्हणतात, त्यांनाही आम्ल कमी जाणवतं. उलट जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची दुर्बीण स्वच्छ निघते.

उंबरठा, सर्वांत आधी एक गोष्ट. 'आत काही नाही' हे वाक्य चूक आहे. 'डोळ्यांना दिसेल असं काही नाही' हे बरोबर वाक्य. मधला फरक मोठा आहे.

अन्ननलिकेचं अस्तर म्हणजे पेशींचे एकावर एक रचलेले थर, विटांच्या भिंतीसारखे. मज्जातंतूंची टोकं या भिंतीत खोलवर असतात, त्यामुळे वरून वाहून जाणारं आम्ल एरवी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं वर येणं, असणाऱ्यांच्या अस्तराचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या दिसतात, दुर्बिणीला अस्तर स्वच्छ दिसत असलं तरी. भिंत उभी आहे, पण सिमेंट झिजलंय. आम्ल त्या फटींतून झिरपतं.

झिरपलेलं आम्ल ओळखायला मज्जातंतूंवर खास प्रथिनं असतात. त्यातलं टीआरपीव्ही-१ हे सर्वांत गाजलेलं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पातापूटियन यांच्यासोबत मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन, सुमारे ४३ अंशांवरची उष्णता आणि आम्ल, या तिन्हींनी हेच दार उघडतं. मेंदूला निरोप एकच जातो: भाजतंय. म्हणून आम्लाने 'जळजळतं', टोचत नाही की खाजत नाही. आपण जळजळ हा शब्द उपमा म्हणून वापरत नाही, मज्जातंतू खरोखर तोच निरोप पाठवत असतो.

शोधयात्री
@गॅस्ट्रोवाला, विटांच्या भिंतीची कल्पना आवडली. त्याला एक जोड देतो, कारण हा निबंध वाचून मी खुर्चीतून उठलो होतो.

आपण धरून चालतो की आम्ल वरून भाजत खाली जातं. २००९ मध्ये सूझा, स्पेक्लर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर शस्त्रक्रिया करून रिफ्लक्स घडवला आणि रोज काय होतं ते पाहिलं. तिसऱ्याच दिवशी अस्तराच्या खालच्या बाजूला लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी, जमा झाल्या होत्या. पृष्ठभागावरचे व्रण मात्र चौथ्या आठवड्यात दिसले. वरून भाजत गेलं असतं तर क्रम उलटा हवा होता.

मग २०१६ मध्ये त्याच गटाने माणसांत पाहिलं. आधी मोठे व्रण असलेले, गोळ्यांनी बरे झालेले १२ रुग्ण घेतले आणि दोन आठवडे त्यांच्या गोळ्या थांबवल्या. जिथे पृष्ठभाग शाबूत होता तिथले नमुने काढले, तर खोलवर टी-लिम्फोसाइट आले होते, तळच्या पेशींची वाढ झाली होती आणि वरचा थर तसाच होता. म्हणजे आम्ल आणि पित्त अस्तराच्या पेशींना चिडवतात, त्या पेशी रासायनिक हाक मारतात, आणि त्या हाकेला धावून येणाऱ्या पेशी दाह माजवतात. नुकसान बरंचसं आपल्याच संरक्षण व्यवस्थेकडून होतं. बाराच माणसं होती, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणत नाही. पण इतकी वर्षं शिकवलेलं चित्र पुन्हा तपासायला लावणारा पुरावा आहे हा.

उंबरठा
दोघांचे मनापासून आभार. मी दोन-तीनदा वाचलं.

पण फटी आणि दाह तर व्रण असलेल्यांतही असणारच, बहुधा माझ्याहून जास्तच. तरी पाणवठा यांच्या बाबांना दुखत नाही आणि मला दुखतं. म्हणजे अजून काहीतरी आहे.

गॅस्ट्रोवाला
आहे, आणि प्रश्न अगदी नेमका आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात वुडलँड, सिफ्रीम आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच विचारलं: मज्जातंतू अस्तरात किती खोल आहेत? २०१७ मध्ये त्यांनी मांडलं की निरोगी माणसांत, व्रण असलेल्यांत आणि बॅरेटमध्ये हे तंतू खोलवर असतात. पण ज्यांना रिफ्लक्स आहे आणि व्रण नाहीत, म्हणजे तुमच्यासारखे रुग्ण, त्यांच्यात तंतूंची टोकं पृष्ठभागाच्या बरीच जवळ होती. पुढे त्याच गटाला व्रण नसलेल्यांच्या अस्तरातल्या पेशींवरही टीआरपीव्ही-१ वाढलेलं दिसलं.

म्हणजे तुमच्या बाबतीत आम्लाला फार आत जावंच लागत नसावं. तंतू दाराशी येऊन बसलेत. मी 'नसावं' म्हणतोय, कारण तुमच्या अस्तराचे असे नमुने कुणी पाहिलेले नाहीत. पण ही शरीरातली, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गोष्ट आहे. तुमच्या स्वभावावर ढकलण्यासारखी नाही.

रातराणी
मी गेली सहा वर्षं रात्रपाळी करते. माझं निरीक्षण आहे की झोप नीट न झालेल्या दिवशी तेच जेवण, तीच वेळ, आणि जळजळ दुप्पट. घरचे म्हणतात योगायोग. यात काही तथ्य आहे का?

शोधयात्री
@रातराणी, तथ्य आहे. २००७ मध्ये रिफ्लक्सच्या रुग्णांना एकदा पुरेशी झोप घेऊ दिली, एकदा रात्री तीन तासांहून जास्त झोपू दिलं नाही, आणि सकाळी बर्नस्टाईनसारखंच आम्ल सोडून पाहिलं. कमी झोपेनंतर त्यांना जळजळ लवकर सुरू झाली आणि जास्त तीव्र वाटली. निरोगी लोकांत हा फरक दिसला नाही. आम्ल तेवढंच होतं, बदलली होती ती संवेदना.

शिवाय उलट दिशाही आहे. जागेपणी आपण सतत लाळ गिळतो. लाळेत बायकार्बोनेट असतं, ते उरलंसुरलं आम्ल मारतं. गाढ झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणंही. त्यामुळे रात्री वर आलेलं आम्ल बराच वेळ तिथेच बसून राहतं. जळजळीने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने जळजळ वाढते.

एकटा_जीव
इतकं सगळं वाचलं. पण मी ऐकलंय की जळजळ आम्ल जास्त झाल्याने नाही, कमी पडल्याने होते, आणि गोळ्या हेच मूळ दुखणं आहे. मी स्वतः दोन वर्षांची गोळी एका दिवसात बंद केली. आठवड्याभरात असा भडका उडाला की परत सुरू करावी लागली. हे गोळीने लावलेलं व्यसनच नाही का?

गॅस्ट्रोवाला
@एकटा_जीव, दोन गोष्टी वेगळ्या करू या.

आम्ल कमी पडल्याने जळजळ होते हे खरं नाही. वर उंबरठा यांनी सांगितलेला बर्नस्टाईनचा प्रयोगच त्याचं उत्तर आहे. मात्र त्या म्हणण्यात एक सत्य दडलंय: बहुतेक रुग्णांत जठर जास्त आम्ल तयार करत नसतं. आम्ल नेहमीएवढंच असतं, फक्त चुकीच्या जागी पोहोचतं. ग्लासगोत मॅकॉल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की जेवणानंतर जठरातल्या अन्नात आम्ल मुरत असतानाच वरच्या टोकाशी, अगदी झडपेलगत, अन्नात न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा एक साठा असतो. जेवणाने आम्ल सौम्य होतं हे एकूण जठरासाठी खरं, त्या कोपऱ्यासाठी नाही.

दुसरं, तुमचा भडका खरा होता. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या अभ्यासात १२० निरोगी माणसांना, ज्यांना कसलाही त्रास नव्हता, बारा आठवड्यांसाठी दोन गटांत घेतलं. एका गटाला आठ आठवडे एसोमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी आणि मग चार आठवडे नकली गोळी, दुसऱ्याला पूर्ण वेळ नकली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाच्या तक्रारी झाल्या, दुसऱ्यात १५ टक्के. गोळी चालू असताना गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, आम्ल बनवण्याची क्षमता वाढून बसते, आणि गोळी थांबली की ती एकदम मोकळी होते. हे व्यसन नाही, ते काही आठवड्यांनी ओसरतं. पण म्हणूनच डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, मधल्या काळासाठी आधार ठेवून थांबवायचं. आणि ज्यांच्या अन्ननलिकेत मोठे व्रण आहेत किंवा बॅरेट आहे त्यांनी स्वतःच्या मनाने थांबवूच नये. पाणवठा, हे बाबांसाठी.

हेही लक्षात घ्या की ही गोळी रिफ्लक्स थांबवत नाही. वर येणं साधारण तेवढ्याच वेळा चालू राहतं, फक्त जे येतं ते कमी आंबट असतं. उंबरठा यांचं आंबट गेलं आणि जळजळ राहिली याचा एक धागा इथे असू शकतो. कमी आंबट द्रवानेही, नुसत्या ताणानेही, चिडलेले तंतू बोलतात.

पाणवठा
ताण म्हणजे मानसिक?

गॅस्ट्रोवाला
नाही, मला अन्ननलिका फुगून भिंत ताणली जाणं म्हणायचं होतं. द्रवासोबत हवा वर आली तर जास्त जाणवतं, आणि जितकं वर चढेल तितकं जास्त. शिवाय अल्ट्रासाऊंडचा सूक्ष्म शोधक अन्ननलिकेत ठेवून काही संशोधकांनी पाहिलंय की जळजळ सुरू होण्याआधी कधी कधी भिंतीतला लांबीच्या दिशेचा स्नायू बराच वेळ आखडून राहतो, आणि नेहमीच्या दाबमापनाला ते दिसत नाही. सगळ्या जळजळीचं उत्तर ते नाही, पण आम्ल सापडत नसलेल्या काहींचं असू शकेल.

पण मानसिक ताणाचंही बोलू, कारण तिथेच उंबरठांना दुखावलं गेलंय. २००७ मध्ये बेल्जियममधल्या गटाने उंदरांना ताण दिला आणि त्यांच्या अन्ननलिकेत पेशींमधल्या त्याच फटी रुंदावल्या, अस्तर जास्त झिरपू लागलं. ताणाचा माग थेट भिंतीत दिसला. म्हणून 'काळजीने होतं' आणि 'खरं नाही' ही दोन वाक्यं एक नाहीत. रुग्णाला हे सांगायला आम्हाला तीन मिनिटं जास्त लागतात, आणि ती आम्ही द्यायला हवीत.

शोधयात्री
पुढची पायरी मेंदू आणि मज्जारज्जूची आहे. २००० साली सरकार, अझीझ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला अर्धा तास आम्ल सोडलं आणि वरच्या टोकाची, जिथे आम्ल पोहोचलंच नव्हतं, वेदना सोसण्याची पातळी मोजली. ती घसरली, आणि काही तास घसरलेलीच राहिली. खालून सतत येणाऱ्या निरोपांनी मज्जारज्जूतला आवाजच वाढवून ठेवला. असं एकदा झालं की साध्या गिळण्याचा निरोपही दुखणं म्हणून पोहोचू शकतो.

म्हणूनच, ताई, निव्वळ टीआरपीव्ही-१ चं दार बंद करून भागलं नाही. तशा औषधाची चाचणी झाली होती. निरोगी माणसांत अन्ननलिकेला उष्णता कमी दुखली, पण गोळीने पुरता आराम न पडलेल्या रिफ्लक्सच्या रुग्णांत उपयोग दिसला नाही. उष्णता ओळखणारं दार बंद केल्याने अंगाचं तापमान वाढणं हाही या औषधांचा अडथळा ठरला. जळजळीला एकच दार नाही.

उंबरठा
पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

वरची चर्चा वाचून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, माझं आम्ल मोजता येईल का. त्यांनी पीएच आणि इम्पीडन्सची २४ तासांची तपासणी सुचवली. त्याआधी सात दिवस गोळ्या बंद, ते दिवस कठीण गेले. मग नाकातून बारीक तार अन्ननलिकेत, कमरेला छोटं यंत्र, आणि जळजळलं की बटण दाबायचं. पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ४ च्या खाली किती वेळ जातो, आम्ल असो वा नसो वर काय किती वेळा येतं, आणि माझं बटण त्याच्याशी जुळतं का, हे ते पाहतात.

अहवाल असा: पीएच ४ च्या खाली एकूण वेळ २.३ टक्के. ४ च्या आत सामान्य, ६ च्या वर नक्की आजार, असं मला समजावलं. वर येण्याच्या घटना ३६, म्हणजे निरोगी माणसाइतक्याच. मी बटण दाबलं १३ वेळा, आणि त्यातल्या ११ वेळा आधीच्या दोन मिनिटांत खरोखर काहीतरी वर आलेलं होतं.

अकरा वेळा. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. माझ्यात आम्ल जास्त नाही, पण मला जे जाणवतं ते खरोखर घडत असतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, 'रिफ्लक्स हायपरसेन्सिटिव्हिटी', म्हणजे नेहमीएवढ्याच रिफ्लक्सला नेहमीपेक्षा जास्त संवेदना. बटण आणि घटना जुळल्याच नसत्या तर त्याला 'फंक्शनल' जळजळ म्हटलं असतं, आणि तीही खरीच असते असं त्यांनी मी न विचारता सांगितलं.

आता आम्लाची गोळी एकवेळ केली आहे. झोपताना एक अगदी कमी मात्रेचं औषध दिलंय, जे जास्त मात्रेत नैराश्यावर देतात, इथे मज्जातंतूंचा आवाज खाली आणायला. पोटाने श्वास घेण्याचा व्यायाम रोज दोनदा, कारण झडपेभोवती श्वासपटलाचाही एक पट्टा असतो आणि तो स्नायू आहे, त्याला सराव देता येतो. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली. डाव्या कुशीवर झोपते, त्यात जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. तीन आठवड्यांत जळजळ गेली नाही, पण रात्री उठून बसावं लागणं आठवड्यातून एकदोनदावर आलं आहे.

रातराणी
वाचून खूप बरं वाटलं. पोटाने श्वास घ्यायचा व्यायाम किती वेळ करता?

उंबरठा
मला पंधरा-पंधरा मिनिटं सांगितलंय. जेवणानंतर लगेच नाही.

गॅस्ट्रोवाला
उत्तम. त्या औषधाचा परिणाम ठरवायला सहा ते आठ आठवडे द्या, घाई करू नका.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एकच: छातीतली जळजळ श्रमाने वाढत असेल, जबड्यात किंवा हातात जात असेल, घाम फुटत असेल, तर आधी हृदय तपासा, तेही तातडीने. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्त कमी होणं यांत दुर्बीण लांबवू नका. न दुखणाऱ्या अन्ननलिकेबद्दल पाणवठांनी लिहिलंच आहे.

उंबरठा
@पाणवठा, बाबांची दुसरी दुर्बीण झाली का? घास अजून अडकतो का? कळवा, वाट बघते आहे.

पाणवठा
काल झाली. व्रण भरलेत. नमुना घेतलाय, अहवाल सोमवारी. घास आता अडकत नाही. बाबा म्हणतात, मला तर आधीही काही होत नव्हतं. गोळी मात्र रोज मी स्वतः समोर उभं राहून देतो.